दोन एमएस

"शालनताई, एमएस झालं म्हणे! आणि आम्हाला पत्ताच नाही?"

सुशीलाबाईंनी जिन्यातच गाठलं. त्या पहिल्या मजल्यावर राहत आणि त्यांचं दार कधी लोटलेलं नसे. त्यामुळे सोसायटीत वर जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी तिथे लागायचीच.

'झालं ना, मेंदूत जरा जास्त, पाठीच्या कण्यात थोडं कमी,' हे शालनच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"झालं नाही हो, अॅडमिशन झालीय. प्रज्ञेशची. पुढच्या शनिवारी निघतोय."

"किती वर्षांचं असतं हे एमएस?"

"त्याचं दोन वर्षांचं."

'त्याचं' या शब्दावर पडलेला भार सुशीलाबाईंना कळला नाही. त्यांना पेढे हवे होते. शालननं संध्याकाळी नेऊन दिले. घरोघरी वाटून झाल्यावर बोटाला लागलेला चुरा तिनं चाटला नाही. नळाखाली धुऊन टाकला.

त्या वर्षी कर्वेनगरात दर दोन इमारतींआड कुणीतरी एमएसला चाललेलं होतं. त्यामुळे 'एमएस' म्हटलं की पुढे फक्त 'कुठे?' एवढंच विचारायची रीत पडली होती. शालनचं एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, आधी आलं होतं आणि त्याला कुणी पेढे मागितले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "वायरीवरचं प्लास्टिक जागोजागी कुरतडलं गेलं की करंट नीट जात नाही ना, तसं. तुमचंच शरीर तुमच्या नसांचं आवरण कुरतडतंय." इंजेक्शनं सुचवली होती. एक दिवसाआड, आपली आपण टोचायची, कधीपर्यंत ते विचारायचं नाही.

शालन घाबरली. आईचा चेहरा बघून प्रज्ञेश कंपनीतून इंटरनेटवरची पानंच्या पानं छापून घेऊन आला. कुठल्याशा परदेशी बाईनं म्हणे नुसत्या खाण्यापिण्यानं हा आजार आटोक्यात ठेवला होता. दूध, तूप, मटण, तळण बंद. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, मासे, जवसाची चटणी. सकाळी गच्चीवर वीस मिनिटं ऊन, रात्री दहाला झोप. त्यानं तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. प्रत्येक दिवसाला एक चौकोन, पाळलं की बरोबरची खूण.

"वर्षभर बघू, आई. अटॅक आला नाही तर मी जाईन. आला तर इंजेक्शन, आणि मी इथेच."

डॉक्टरीणबाईंना हे काही पटलं नव्हतं. पण शालन पाटबंधारे खात्यात अनुरेखक होती. इंजिनिअरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं तसाच्या तसा गिरवायचा, हे काम तिनं बावीस वर्षं केलं होतं. समोर आखून दिलेलं तंतोतंत पाळायचं, एवढं तिला नक्की जमत होतं. आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटत होतं. सात किलो वजन उतरलं. दुपारी टेबलावर डोकं टेकावं लागेना. उन्हाळ्यात मानेवर ओला पंचा ठेवला की पाय हलके पडतात, हे तर तिनं स्वतःच शोधलं. तेही तिनं तक्त्यात लिहून घ्यायला लावलं.

अकरा महिने सगळ्या चौकोनांत खुणा होत्या.

आणि दोन आठवड्यांपूर्वी, ऑफिसात कालव्याची रेघ ओढताना, डावा पाय ओल्या मोज्यात घातल्यासारखा झाला. वाकून पाहिलं. मोजा नव्हताच, पाय कोरडा होता. तिनं कुणालाच सांगितलं नाही. विमान तीन आठवड्यांवर होतं.

रविवारी प्रज्ञेशची परीक्षा असायची. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत फरशीच्या सांध्यावरून, टाचेला अंगठा लावून चालायचं. डॉक्टरीणबाई घेत तशीच.

"चल, आई. शेवटची."

तीन फरश्या झाल्या. चौथीला डावं पाऊल कुठे पडलं ते शालनला डोळ्यांनी बघावं लागलं, आणि बघेपर्यंत ती कलंडली. प्रज्ञेशनं धरलं. पलीकडे बॅगेला दोरी बांधणारे रामदास, तिचे यजमान, दोरी हातात धरून तसेच बसून राहिले.

"कधीपासून?" प्रज्ञेशचा आवाज चिरका झाला. "आई, कधीपासून?"

"आत्ताच रे. परवापासून."

"तिकीट कॅन्सल करतो."

"काही नको."

"नको काय! म्हणजे हे सगळं फालतूच होतं? वर्षभर तुला मी गवत खायला घातलं आणि इंजेक्शन घेऊ दिलं नाही! म्हणजे मीच..."

तो फ्रिजकडे बघत होता. पोरगं तक्ता आता फाडणार, आणि त्याबरोबर आणखी पुष्कळ काही फाडणार, हे शालनला दिसलं. ती भिंत धरून खुर्चीवर टेकली.

"तक्त्याला काही बोलू नकोस. मीच पाळलं नाही."

"काय?"

"ऑफिसात दुधाचा चहा पिते. दोन वेळा. चांगला सायीचा."

प्रज्ञेश फ्रिजपाशी जाऊन खुणांवरून बोट फिरवायला लागला.

"आणि परवा पेढे वाटले ना, त्यातले चार खाल्ले. सुशीलाबाईंच्या जिन्यात."

"चार? आणि खुणा करत होतीस? रोज?"

"मग काय करू? तू रोज येऊन बघायचास."

तो भडकला. "लहान आहेस का तू? मी तिकडे कुणाच्या भरवशावर जाऊ?" असं बरंच काही बोलला. शालन मान खाली घालून ऐकत होती. मुलाच्या आवाजातली भीती ओसरत चालली होती आणि नुसता राग उरत होता, तिकडे तिचं लक्ष होतं. रागावून माणूस विमानात बसू शकतो.

"आता सोड तो चहा," शेवटी तो म्हणाला.

"सोडते. आणि पुढच्या सोमवारी डॉक्टरांना दाखवते. तू गेल्यावर."

"मी असतानाच दाखव."

"बरं. उद्याच जाऊ."

तो डॉक्टरीणबाईंना फोन करायला आत गेला तेव्हा रामदास दोरीची गाठ आवळत हळूच म्हणाले, "डबा मी भरतो. काळा चहा थर्मासात मी ओततो. साय कुठून आली गं?"

"गप्प बसा. विमान सुटेपर्यंत तरी."

डॉक्टरीणबाईंनी पाचच दिवसांची स्टिरॉइडची सलाइनं लावली आणि प्रज्ञेशला सांगितलं, जा. पायातली जाणीव बरीचशी परतली. शनिवारी प्रज्ञेश गेला. नंतरच्या तपासणीला शालन एकटीच आत गेली आणि चहा-पेढ्यांचं खरं काय ते तिनं सांगून टाकलं.

"खाणं चांगलंच आहे तुमचं, ते सोडू नका. त्यानं ताकद राहते," बाई म्हणाल्या. "पण हा आजार असा बंद होत नाही. औषध सुरू करायला हवं, खरं तर आधीच करायला हवं होतं. आणि अटॅक आला यात तुमची काही चूक नव्हती बरं का."

शालननं पर्सची चेन उघडली, परत लावली. "हे त्याला सांगू नका," म्हणाली.

महिनाअखेरीला फोन आला. "आई, चहा सोडलास ना?"

"सोडला."

"बघ, आता फरक पडेल."

"पडतोय की."

फोन ठेवून ती फ्रिजपाशी आली. प्रज्ञेशनं छापलेला तक्ता संपला होता. तिनं कोरा कागद घेतला, ऑफिसातलं शाईचं पेन घेतलं आणि पुढच्या महिन्याचे चौकोन हातानं आखायला बसली. भाकरी, भाजी, ऊन, झोप, ओला पंचा. शेवटी एक रकाना वाढवला: इंजेक्शन. त्याची रेघ मध्येच थोडी थरथरली.

बावीस वर्षांत वाकडी रेघ तिनं टेबलावरून पुढे जाऊ दिली नव्हती. ब्लेडनं खरवडायची आणि पुन्हा ओढायची. आताही हात ब्लेडकडे गेला. मग तिनं शाई वाळू दिली आणि कागद फ्रिजवर चिकटवला.