भिशीच्या बरणीतून पडलेली फी

दचकू नका, फळीवरून बोलतेय ती मीच. भिशीची बरणी. सोलो शहरातल्या एका गल्लीत, वेनिंगबाईंच्या घरी राहते.

जन्माने मी बिस्किटांची बरणी. काचेच्या भट्टीतून निघाले, दुकानात बसले आणि एका सणाला बिस्किटं भरून या घरी आले. बिस्किटं दोन दिवसांत संपली. मग माझ्यात सुक्या मिरच्या भरल्या. पुढे वेनिंगबाईंच्या नवऱ्याने तापल्या खिळ्याने माझ्या झाकणाला भोक पाडलं आणि मी भिशीची झाले. मला हलवायचं, भोकातून एक चिठ्ठी पडते, जिचं नाव तिला त्या महिन्याचे पैसे. पहिल्या महिन्यात चिठ्ठी उघडताच सगळ्या बायका शिंकत सुटल्या. मिरच्यांचा वास कुठे इतक्या लवकर जातो!

ते गृहस्थ आता नाहीत. वेनिंगबाई गल्लीच्या तोंडाशी नारळाच्या दुधातल्या भाताचा गाडा लावतात. मुलगी निकेन कापडाच्या कारखान्यात हिशेब खात्यात आहे. गुणी पोर.

आता इथली एक खोड सांगते. आमच्या सोलोत तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणा. मनातलं कुणी बोलत नाही, समोरच्याने ओळखायचं. आणि ओळखण्यात चूक झाली की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

एकदा जेवताना निकेन सहज म्हणाली, "माझी मैत्रीण एम.बी.ए. करायला बांडुंगला चालली." एवढंच! वेनिंगबाईंनी ओळखलं, की पोरीलाही जायचंय. दुसऱ्या दिवशी गाड्यावर येईल त्याला सांगत सुटल्या. निकेनच्या कानावर आलं, तेव्हा तिला वाटलं, आईचीच हौस आहे. आई म्हणाली, "जाशील ना?" लेक म्हणाली, "हो आई." झालं!

तेव्हापासून त्या घरात कुणाला नीट जेवण जाईना. वेनिंगबाई गाडा पुसताना उगाच त्यावरून हात फिरवत. मला त्याचं कारण कळेना.

मग भिशीचा दिवस आला. चटईवर बायका बसल्या, निकेन केळ्याची भजी वाढत होती. सुतिनाकाकूंनी मला खडखड हलवलं. चिठ्ठी पडली. वेनिंगबाईंचं नाव!

"घ्या! निकेनची पहिली फी आली!" बायकांनी टाळ्या पिटल्या. वेनिंगबाई हसल्या, पण डोळे भरून आले. निकेनचा चेहरा तर असा उतरला, की माझा जीव तुटला.

सुतिनाकाकू लग्न होऊन आलेल्या, माहेर सुराबायाचं. तिकडची माणसं फटकळ. त्यांनी सरळ विचारलं, "काय गं, तोंड का पाडलंस? जायचंय का तुला खरंच?"

सोलोत असं कुणी विचारतं का?

निकेनने आईकडे पाहिलं आणि तिला हुंदकाच फुटला. "नाही जायचं, काकू! मी कधीचा हिशेब मांडलाय. फी वेगळी, दोन वर्षांचा पगार बुडेल तो वेगळा. आणि परत आल्यावर पगारात वाढ एवढीशी. खर्च भरून निघायला चोवीस वर्षं लागतील! कॉलेजात शिकवायचं असतं तर गोष्ट वेगळी होती. बढतीसाठी मला करांचा अभ्यास पुरेल. संध्याकाळचा वर्ग आहे, पैसे कारखाना देतोय."

"अगं मग 'हो' कशाला म्हणालीस?" वेनिंगबाई ओरडल्या.

"तुझी हौस होती म्हणून!"

"माझी? बाई गं! मी तुझ्यासाठी गाडा विकायला काढला! उद्या विसार घेणार होते!"

"गाडा? आई, वेड लागलंय का तुला? तुझा जीव आहे त्यात!"

"हो ना गं," म्हणत वेनिंगबाई मटकन बसल्या. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग हसायला लागल्या. सुतिनाकाकू म्हणाल्या, "धन्य आहात! रडून झालं असेल तर भजी इकडे सरकवा." हुश्श! मला तर काठापर्यंत हलकं वाटलं.

भिशीच्या पैशांतून गाड्याला नवं छप्पर झालं. निकेन संध्याकाळी वर्गाला जाते आणि आल्यावर दोनदा भात मागून घेते.

माझं आता वय झालंय. काठाला टवका उडालाय, झाकण सैल झालंय. पण महिन्यातून एकदा मला अजून मान मिळतो, तेवढा पुरे. जाता जाता एकच सांगते. पोरांच्या शिक्षणासाठी खुशाल पोटाला चिमटा काढा, पण आधी त्यांना विचारा, आणि नुसत्या 'हो'वर जाऊ नका. मी काचेची, माझ्या पोटात काय आहे ते कुणालाही दिसतं. तुमचं तसं नाही, बाबांनो. तुम्हाला विचारावंच लागतं.