थांबगोडी

मित्रांनो, अंगणाच्या कडेला, एका फांदीला लाकडी टेकू दिलेलं आणि बुंध्यात पोकळी पडलेलं सफरचंदाचं जुनं झाड दिसतंय ना, ते मी. माझ्या जातीचं नाव थांबगोडी. दुकानात हे नाव तुम्हाला सापडायचं नाही.

माझं फळ दिसायला बेताचंच. साल तपकिरी, खरखरीत, बटाट्याची बहीण शोभावी अशी. नुकतं तोडलेलं फळ खाल तर दात आंबतील. पण तेच माळ्यावर पेंढ्यात, एकमेकांना न टेकवता मांडून ठेवलं, की हिवाळा सरता सरता साल सुरकुतते आणि आत मधासारखा गोडवा उतरतो. बाकीची सफरचंदं संपतात तेव्हा माझी पाळी येते. माझी बी पेरली तर मात्र भलतंच झाड उगवतं. डहाळी कापून दुसऱ्या रोपावर कलम केलं, तरच माझी जात पुढे जाते. म्हणजे आम्ही जगतो ते कुणाच्या तरी हातांमुळे.

मला आणि इथे माझ्याच जातीच्या माझ्या भावंडांना लावलं या घरच्या सासूबाईंनी. नवी सून आली, तिनं हौसेनं माझं फळ तोडलं, एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. सासूबाई खळखळून हसल्या.

"अगं, सासूसारखं आहे ते. आधी आंबट लागणारच. जरा दम धर!"

सुनेनं दम धरला. हिवाळ्याच्या शेवटी माळ्याच्या शिडीवर बसून तिनं ते फळ खाल्लं आणि तेव्हापासून ती माझी झाली. दरवर्षी ती फळं मांडायची, उलटायची, डाग पडलेलं लगेच बाजूला काढायची.

सासूबाई गेल्या. कारभार सुनेच्या नवऱ्याकडे आला. माणूस कष्टाळू, पण उतावळा. बाजारात एका व्यापाऱ्यानं माझं फळ चावलं आणि सगळ्यांदेखत थुंकून टाकलं.

"डुकरांना घाला हे!"

लोक हसले. ते याच्या जिव्हारी लागलं. 'जरा ठेवून खा,' एवढं म्हणायचंही त्याला सुचलं नाही. घरी येऊन त्यानं कुऱ्हाड काढली. माझी सगळी भावंडं गेली आणि त्यांच्या जागी लाल, चकचकीत फळांची रोपं आली.

"अहो, एवढं एक राहू द्या. माझी कपड्यांची दोरी आहे त्याला," सून म्हणाली.

दोरी हे निमित्त होतं. अंगणात खांब काय कमी होते?

लाल फळांनी घर सावरलं, हे मी नाकारत नाही. पण सून थकली, तिला शिडी चढवेना. माझी फळं गवतात पडून कुजू लागली. कुणी वाकून एक उचललं नाही.

मग एका हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. तिची खिडकी माझ्यासमोरच. अन्न जात नव्हतं. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, माळ्यावर एखादं थांबगोडी असेल का हो?"

तो धापा टाकत वर चढला. नुसता पेंढा. मग दुकानामागून दुकान पालथं घातलं. शेवटी सगळ्यांत लाल सफरचंद आणून त्यानं फोडी केल्या. तिनं एक फोड कशीबशी गिळली.

"छान आहे हो."

ते कुणासाठी म्हटलं, हे त्याला कळलं. तो तोंड फिरवून सुरी पुसत राहिला. मला मोहोर येण्याआधीच ती गेली.

काही दिवसांनी तो माझ्यापाशी आला, खोडावर हात ठेवून म्हणाला, "माळ्यावर तुझ्यासाठी एक तरी ठेवायला हवं होतं गं."

त्यानं कलमं करणाऱ्याला बोलावलं. तो मला निरखून म्हणाला, "उशीर केलात, काका. कलमाला गेल्या वर्षीची जोमदार डहाळी लागते. याची कित्येक वर्षांत छाटणीच नाही."

छाटणी झाली. पुढच्या वर्षी थोडे धुमारे फुटले. त्यांची कलमं बांधली. बहुतेक वाळली, एकाला पानं फुटली.

"फळ कधी धरेल?"

"चार-पाच वर्षं तरी जातील, काका."

पिकल्या केसांचा तो माणूस रोपाभोवतीचं गवत उपटू लागला. मग म्हणाला, "मग कुंपण आजच घालू."

मित्रांनो, मला राग नाही, हळहळ आहे. पहिल्या घासाला तोंड वाकडं करून कुणाला टाकून देऊ नका. ज्यांना त्याचा गोडवा ठाऊक आहे, ती माणसं घरात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारून घ्या. नंतर झाडाखाली उभं राहून बोललेलं फक्त झाडालाच ऐकू येतं.