किती उन्हाळे

शांतवन मिस्त्रींच्या दुकानात माझं एक स्टूल होतं. माझं म्हणजे त्यांचंच. पण शाळेत शिकवून झालं की मी त्यावर दिवेलागणीपर्यंत वाचत बसे, आणि दुसरं कोणी बसलं तर ते त्याला उठवत. ते माझ्याशी फारसं बोलत नसत. मला तेच बरं वाटे.

सेहेचाळीस सालचा पावसाळा सरल्यावर नगरला, त्यांच्या दुकानासमोरच, मुंबईच्या एका फर्निचर कंपनीची शाखा उघडली. अशी तिची सात गावांत दुकानं होती. काचेचं दार, चकचकीत खुर्च्या, छापील किमती. आज पसंत करा, उद्या टांग्यातून घरी न्या. मिस्त्रींकडे खुर्ची सांगितली की तीन महिने थांबावं लागे. लोकांनी थांबणं सोडलं.

कंपनीचा मॅनेजर रेगे एकदा रस्ता ओलांडून आला.

“मिस्त्री, हात चांगला आहे तुमचा. आमच्याकडे पॉलिश मारायला या.”

“तुमच्या मालाला पॉलिश लागणारच,” रंधा न थांबवता मिस्त्री म्हणाले. “आत काय न्हाईच.”

“शिमग्यापर्यंत विचार करा,” रेगे हसला. “तोवर हे दुकान असलं तर.”

आमच्या शाळेला चाळीस बाक हवे होते. शाळेचे अध्यक्ष काकासाहेब यांनी दोन वर्षांपूर्वी तोंडी शब्द दिला होता, म्हणून मिस्त्रींनी होतं नव्हतं ते घालून मागच्या शेडमध्ये सागवान रचून ठेवलं होतं. हे काम मिळालं तर दुकान राहील, नाही तर समोर पॉलिश मारायला जायचं, असं त्यांच्या बायकोनं, लिडियाबाईंनी, मला सरळच सांगितलं. मी शाळेच्या कमिटीचा चिटणीस होतो. अक्षर बरं होतं म्हणून. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

बाक कुणाकडून घ्यायचे ते ठरवायच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला.

“मास्तर, माझी शिफारस नको. एकच इचारा. ह्या लाकडानं नगरचे किती उन्हाळे बघितले? मुंबईच्या दमट हवेतलं लाकूड हितं चैतात आकसतं, सांधे सोडतं. माझं लाकूड दोन उन्हाळे तापलंय. एवढं इचारा. म्होरचं त्यो मॅनेजर आपल्याच तोंडानं बोलंल.”

मी ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेतलं. विचारीन, असं वचनही दिलं.

बैठकीत रेगेनं चित्रांचं पुस्तक टेबलावर पसरलं. पंधरा दिवसांत चाळीस बाक. सगळे माना डोलावत होते.

“कुणाला काही विचारायचंय?” काकासाहेब म्हणाले. चिठ्ठी माझ्या मुठीत भिजली होती. “चिटणीस?”

“काही नाही,” मी म्हणालो, आणि चांगल्या अक्षरात कंपनीच्या नावाचा ठराव लिहिला.

दुसऱ्या दिवशी माझं स्टूल दुकानाबाहेर गटाराच्या कडेला पडलं होतं.

“इचारलं का?” मिस्त्रींनी वर न बघता विचारलं.

“नाही. म्हणजे मी...”

“पोरांना काय तोंड शिवून शिकवता?”

लिडियाबाई दारात आल्या. त्या नवऱ्याला आवरतील असं मला वाटलं.

“जा मास्तर,” त्या म्हणाल्या. “हितं बसून लई पुस्तकं वाचली तुमी. एक ओळ वाचायची हुती, ती वाचता आली न्हाई.”

तो हिवाळा मिस्त्रींनी शवपेट्यांवर काढला. तेवढ्या कंपनी विकत नव्हती. मी दुसऱ्या रस्त्यानं शाळेला जाऊ लागलो.

चैत्र लागला आणि बाकांनी सांधे सोडले. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. मुलं चिमटे बसून ओरडत. इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले, मागच्या बाकावर बसले आणि बाकासकट जमिनीवर गेले. रेगे म्हणाला, तक्रार मुंबईला पाठवा. मुंबईनं उत्तर दिलं नाही.

“तुम्ही त्या सुताराकडे बसत होता ना?” काकासाहेब मला म्हणाले. “मग जा.”

मिस्त्रींनी मला उभंच ठेवलं.

“कंपनीच्या मालाला मी हात लावनार न्हाई. नवे बाक देतो. लाकडाला आता तिसरा उन्हाळा लागलाय. पन एक मोडका बाक तुमी सवता आनायचा, त्या काचेसमोर ठेवायचा, आन् त्ये वाक्य म्हनायचं. मला हितं ऐकू आलं पायजे.”

बाजाराच्या दिवशी शाळेचा शिपाई कारभारी आणि मी बाक उचलून आणला. तो ठेवल्याबरोबर डावीकडे झुकला. रेगे बाहेर आला.

“बदलून पाहिजे? मुंबईला लिहा.”

मी वाक्य म्हटलं.

“काय?” रेगे म्हणाला.

“ऐकू न्हाई आलं!” मागून मिस्त्री ओरडले.

मी पुन्हा म्हटलं. माणसं थांबू लागली. कुणीतरी खो खो हसलं.

“न्हाई आलं, मास्तर!”

तिसऱ्यांदा मी काय आवाज काढला देव जाणे. शेजारच्या टांग्याचा घोडा बिचकला.

“ह्या लाकडानं नगरचे किती उन्हाळे पाहिलेत?”

“हा काय प्रश्न झाला?” रेगे लाल झाला. “लाकूड ते लाकूड. मागच्या महिन्यात कापलं काय आणि...” तो थांबला. उशीर झाला होता.

आत कपाट बघत असलेला कोल्हारचा एक शेतकरी बाहेर आला. त्यानं बाकाच्या फटीत बोट घातलं, ते काढून रेगेला दाखवलं आणि रस्ता ओलांडून मिस्त्रींच्या दुकानात गेला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले.

“उचला ही घाण!” रेगेनं बाकाला लाथ मारली.

मिस्त्रींनी येऊन बाक एकट्यानं खांद्यावर घेतला आणि आपल्या दुकानाबाहेर मांडला.

दुसऱ्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन गेलो. चाळीस बाकांसाठी सागवान कापणं सुरू झालं होतं. माझं स्टूल आत होतं, धुतलेलं. त्यावर लिडियाबाईंची भाजीची पाटी होती. मी पाटी उचलायला वाकलो.

“स्टुलाला हात लावू नका,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी रंध्यानं बाहेरच्या मोडक्या बाकाकडे दाखवलं. “तुमी तिथं बसायचं. रोज. गिऱ्हाइकाला बघू द्या.”

“किती दिवस?”

“दोन उन्हाळे.”

मी बाहेर जाऊन बसलो. बाक डावीकडे झुकला, तसा मीही झुकलो. समोरच्या काचेतून रेगे बघत होता. मी पुस्तक उघडलं.