दामिनीची वाईट सवय

वाडीच्या त्या गोदामात बायकांना दहा तास उभं राहण्याचा पगार मिळायचा. कागदावर अर्थातच तसं नव्हतं, कागदावर 'पॅकिंग' लिहिलं होतं. अख्ख्या लाइनीवर खुर्ची एकच, ती लाइन लीडरची. तिनं स्क्रीनसमोर बसून खोक्यांचे आकडे बघायचे आणि बाकीच्यांनी उभ्यानं खोकी भरायची. लाइन लीडरला पगारही जरा बरा होता, पण दामिनीचा डोळा पगारावर नव्हता. तिला खुर्ची हवी होती. एकेचाळिसाव्या वर्षी तिचा डावा गुडघा कामातून गेला होता. "उभं राहणं कमी करा," असं डॉक्टर म्हणाले होते. सांगायला डॉक्टरांचं काय जातं!

जुनी लाइन लीडर लग्न होऊन बुटीबोरीला गेली आणि खुर्ची रिकामी झाली. मग हेड ऑफिसातून रितिका मॅडम आल्या. वय असेल अठ्ठावीस-तीस, बोलणं गोड, आणि हातात चकचकीत पुस्तिकांचा गठ्ठा. पुस्तिकेत साठ इंग्रजी शब्द होते, सगळे मन लावून काम करण्याचे आणि चांगल्या सवयी लावून घेण्याचे. ज्यांना लाइन लीडर व्हायचं असेल त्यांनी ते शिकायचे आणि शेवटी इंग्रजीतून एक फॉर्म भरायचा. खोकी मोजायला इंग्रजीतून प्रेरणा कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याचं नाव मॅडमनी लिहून घेतलं असतं.

रोज शिफ्टच्या आधी बायका गोल उभ्या राहायच्या. एकीनं लाकडी पॅलेटवर चढून आजचा शब्द सांगायचा, वाक्यात घालून दाखवायचा, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आज कमिटमेंट, उद्या कन्सिस्टन्सी, परवा डिसिप्लिन. चालढकल, आळस, सबब सांगणं, अर्ध्यावर सोडणं, यांना तर एकेकाला दोन-दोन शब्द होते. माणसाच्या अंगात इतके दोष असतात हे लाइनीवरच्या निम्म्या बायकांना तेव्हाच कळलं.

दामिनी काटोलकडच्या खेड्यात सातवीपर्यंत शिकली होती. इंग्रजीच्या तासाला मास्तर तिला मागच्या बाकावर बसवायचे. आता पोळ्या लाटताना ती शब्द घोकू लागली. गोदामातून उरलेले चिकट लेबल आणून त्यांवर शब्द लिहायची आणि ओट्यामागच्या फरशांवर चिकटवायची. नववीतली तिची मुलगी गार्गी आधी हसली, मग आईचं बघून तिच्याशेजारी बसू लागली.

"आई, हळू म्हण. प्रो-क्रॅस-टि-नेशन."

चालढकलीच्या त्या एका शब्दानं दामिनीचे चार दिवस खाल्ले. पाचव्या दिवशी तो तोंडातून सरळ बाहेर पडला तेव्हा तिला इतका आनंद झाला की तवा गॅसवर तसाच राहिला आणि पोळी करपली. लग्नानंतर स्वतःसाठी म्हणून तिनं काही शिकलेलं नव्हतं. हे पहिलंच होतं.

लाइनीवर तिच्या शेजारी उभी राहायची कांताबाई, बावन्न वर्षांची, जिभेला हाड नसलेली.

"काहून वं दामिनी, आता माह्याशी इंग्रजीत भांडशील काय?"

"तुह्याशी भांडाले वऱ्हाडीच लागते बाई," दामिनी म्हणाली, आणि दोघी तोंड दाबून हसल्या.

नऊ नंबरच्या रॅकमागे परत आलेल्या मालाची खोकी पडलेली असत. तिथे कॅमेरा पोचत नव्हता. जेवणानंतर एकेक बाई तिकडे जायची, दहा मिनिटं खोक्यावर टेकायची आणि परत यायची. मग दुसरी जायची. या पाळ्या कुणी लावून दिल्या नव्हत्या. त्याबद्दल कुणी बोलतही नसे, आपसातसुद्धा नाही. कांताबाई जरा जास्त वेळ बसायची आणि कुणी घड्याळ बघायचं नाही.

फॉर्मच्या दिवशी चौघीच उरल्या होत्या. मॅडमनी कागद वाटले. एकच प्रश्न होता, आपली एक वाईट सवय लिहा आणि ती कशी सोडणार ते सांगा.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "यात चूक-बरोबर असं काही नाही. बदलाची सुरुवात प्रामाणिकपणापासून होते. मनापासून लिहा."

बाजूच्या सोनिकानं दोन मिनिटांत लिहून टाकलं की मी कामात इतकी बुडते की मला जेवायचंही भान राहत नाही. सोनिका बी.ए. झालेली होती. ऑफिसात अशा प्रश्नाला आपलं कौतुकच दोष म्हणून लिहायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. दामिनीला कुठून ठाऊक असणार? तिला एवढंच माहीत होतं की दोष विचारला तर माणूस गप्प बसतो, नाहीतर खरं सांगतो. मराठीत विचारलं असतं तर ती गप्पच बसली असती, बावीस वर्षं सासरी बसली तशी. पण आयुष्यात पहिल्यांदा तिच्याजवळ इंग्रजी वाक्यं होती, आणि ती वापरायची तिला घाई झाली होती.

तिनं अर्धं पान भरलं. मी जेवणानंतर नऊ नंबरच्या रॅकमागे दहा मिनिटं बसते. ही माझी वाईट सवय आहे. मी स्वतःला सबब सांगते. मी ही सवय सोडीन, जबाबदारी घेईन, शिस्त पाळीन. साठातले अकरा शब्द तिनं वापरले आणि एकाचंही स्पेलिंग चुकलं नाही. दुसऱ्या कुणाचं नाव तिनं लिहिलं नाही, याचंही तिला समाधान वाटलं. घरी जाताना ऑटोत ती गुणगुणत होती.

आठ दिवसांनी सकाळी मॅडम स्वतः पॅलेटवर चढल्या. लाइन लीडर म्हणून सोनिकाचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. दामिनीनंही वाजवल्या.

"आणि आजचा शब्द आहे अकाउंटेबिलिटी," मॅडम म्हणाल्या. "आपल्या दामिनीताईंनी फॉर्ममध्ये इतकं प्रामाणिक लिहिलं, की त्यामुळे आपल्याला कळलं, रॅक नऊच्या मागे रोज किती वेळ वाया जातो. आजपासून तिथे कॅमेरा लागलाय. खोकीही हलवली आहेत. दामिनीताईंसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या वाजवल्या फक्त सोनिकानं. बाकीच्या बायका दामिनीकडे बघत होत्या, आणि ती जमिनीकडे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोल मोडल्यावर ती मॅडमच्या मागे गेली.

"मॅडम, मी काही मजा म्हणून नाही बसत होती. गुडघा दुखते माहा. आमच्या कांताबाईले तर दोन्ही पायाले सूज राहते."

मॅडमनी खरोखर आश्चर्यानं तिच्याकडे बघितलं. "अहो, मग हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलं?"

दामिनीनं आठवून पाहिलं. साठच्या साठ शब्द तिला पाठ होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुखण्याला त्यांत एकही शब्द नव्हता, थकण्याला नव्हता, बसण्याची मागणी करायला तर नव्हताच. 'बसते'चा इंग्रजी शब्दसुद्धा गार्गीनं वेगळा शिकवलेला होता.

"पुस्तकात नव्हतं थे," ती म्हणाली.

"व्हेरी गुड फीडबॅक," मॅडम म्हणाल्या आणि मोबाइलवर टिपून घेतलं. "पुढच्या बॅचला नक्की घालू."

भोंगा झाला. दामिनी आपल्या जागेवर येऊन उभी राहिली आणि पहिलं खोकं ओढलं.

"कांताबाई, म्या तुह्य नाव नाही लिहिलं वं," ती हळूच म्हणाली.

कांताबाईनं टेप ओढून खोकं बंद केलं, पुढे ढकललं आणि दुसरं घेतलं. शिफ्ट संपायला दहा तास होते. दहाही तास ती दामिनीच्या शेजारी सुजलेल्या पायांवर उभी राहिली आणि एक अक्षर बोलली नाही.