बिनजोडीची सरपंच

आमच्या गावात सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, तेव्हा पुरुषांना फारसं वाईट वाटलं नाही. बाईच्या नावाची पाटी लागते आणि खुर्चीवर तिचा नवरा बसतो, हे पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. घोटाळा झाला तो ललिता निवडून आल्यावर. तिला नवराच नव्हता.

ललिता म्हणजे उखा नानांची एकुलती एक मुलगी. नाना आधीचे सरपंच. ते वारले आणि लोकांनी त्यांच्याकडे बघून पोरीला मतं दिली. मी तिचा इतिहासाचा मास्तर, रतिलाल. आता निवृत्त. ओट्यावर पेपर घेऊन बसतो आणि पुस्तकातल्या राज्यांकडे बघायचो तसाच गावाकडे बघतो, जरा लांबून. लांबून सगळी माणसं सारखीच हावरट दिसतात.

तिच्या वर्गाला मी इंग्लंडची पहिली एलिझाबेथ शिकवली होती. पुस्तकात चार ओळी होत्या, पण मला ती राणी आवडायची म्हणून मी आठवडा लावला. बाप गेलेला, राज्य दोन पंथांत फाटलेलं, दरबारी रोज विचारणार लग्न कधी, आणि ज्याच्या त्याच्या खिशात आपापला नवरदेव. कोणालाही हो म्हटलं की राज्य त्याचं. राणी आयुष्यभर 'बघू' म्हणत राहिली. मागच्या बाकावर स्वप्नील झोपला होता. पुढच्या बाकावर ललिता जागी होती.

आमच्याकडेही पंथ दोनच. सुपडू हा मरीआईचा भगत, त्याच्या माणसांना देवीपुढे बोकड पाहिजे. उपसरपंच रोहिदास भाऊ माळकरी, त्यांच्या माणसांना बोकड बंद पाहिजे. नाना दरडावायचे आणि दोघं गप्प बसायचे. ललितानं दरडावलं की लोक म्हणत, बाई फार चढली. समजुतीनं बोलली की म्हणत, बाईला झेपत नाही. शेवटी तिनं ग्रामसभेत निकाल दिला: देवीपुढे पुरणाचा नैवेद्य, आणि बोकड ज्यानं त्यानं आपल्या शेतात कापावा. दोन्ही बाजू सारख्याच चिडल्या. पोरीला राज्य जमतंय, असं मला वाटलं.

मग दोघांनी दुसरं दार धरलं. रोहिदास भाऊंनी बोदवडहून बायकोचा भाचा नवरदेव म्हणून आणला. भगतानं आपला पुतण्या पुढे केला, आणि खरी अडचण तिथेच होती. पुतण्या म्हणजे तोच मागच्या बाकावरचा स्वप्नील. पारोळ्यात त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान. ललिता माझ्याकडे यायची त्याच वेळेला त्यालाही नेमका पेपर वाचायचा असायचा. मी चहा करायचो आणि दोघं कपाकडे बघत बसायचे. मी म्हातारा असलो तरी आंधळा नाही.

चैत्रात मरीआईची यात्रा असते. त्या दिवशी एकामागे एक जोडलेल्या बारा बैलगाड्या, वर माणसं खच्चून भरलेली, आणि बैलांऐवजी पुढे भगत. त्या बारागाड्या ओढायच्या आधी पहिल्या गाडीच्या जुवाची पूजा होते, आणि तिला सरपंच बसतो. जोडीनं. पूजेला बसेल तो सरपंच, बाकी सगळं कागदावर, असं गाव मानतं.

यात्रेच्या आधी रोहिदास भाऊ ग्रामपंचायतीत आले. मी तिथं दाखल्यासाठी बसलो होतो.

"बेटी, जुवानी पूजा जोडीनं व्हस," ते मायेनं म्हणाले. "कुवारी पोरनं ते काम नई. मी नि तुनी काकू बसी जासूत."

"नै तं लगीन करी ले," दारातून भगत म्हणाला. "पोऱ्या घरमाच शे."

संध्याकाळी ललिता ओट्यावर आली.

"सर, तो मला हवा आहे," ती सरळच म्हणाली. "पण तो आला की मागून भगतबाबा येतात, आणि त्यांच्यामागून बोकड देवळात येतो. मग माळकरी अविश्वास ठराव आणणार. नाही म्हटलं, तर पूजेला रोहिदास भाऊ. मग मी नुसती सहीपुरती."

"राणीनं..." मी सुरू केलं.

"राणीला ग्रामसभा नव्हती, सर."

हे तिचं खरं होतं. मी चहा ठेवायला उठलो.

यात्रेच्या दिवशी रोहिदास भाऊ नवं धोतर नेसून आले, काकूंनी नथ घातली होती. ते पाटावर बसणार तोच ललिता पुढे झाली आणि स्वतः बसली.

"तुनी जोडी कोठे शे?" भाऊंनी विचारलं.

ललितानं ताटातली एक सुपारी उचलली आणि कमरेला खोचली.

"मनी माय गयी, तवय नाना पूजाले कसा बसेत?" ती गाड्यांवरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कमरले सुपारी लायीसन. ताट मनाच हातमा ऱ्हाये. तवय सुपारी बायको म्हनीसन चालनी, मंग आज नवरा म्हनीसन का चालाव नई?"

विधुरानं सुपारी लावून पूजेला बसायची रीत आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नाना तसे बसायचे हे सगळ्यांनी बघितलं होतं. सुपारी दुसऱ्या बाजूनंही चालेल, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"नानानी बात येगळी व्हती," भाऊ म्हणाले.

"काय येगळी?"

भाऊंनी धोतराचा सोगा सावरला. दुसऱ्या गाडीवरून म्हातारी यशोदाबाई ओरडली, "पोर बराबर सांगस! बठ्ठासनी देखेल शे!" आणि गाड्यांवर हशा पिकला.

राहिला भगत. रोहिदास भाऊंच्या हातून जुवाची पूजा करून घेण्यापेक्षा त्याला सुपारी परवडली. "नारळ फोड, बेटी," तो म्हणाला. गाड्या निघाल्या. मला अभिमान वाटला.

स्वप्नील तिसऱ्या गाडीच्या चाकाशी उभा होता. त्याच्या हातात काहीच काम नव्हतं.

पुढे कित्येकदा तो माझ्याकडे आला. "सर, थांबू का मी?" असं विचारायचा. "तिला विचार," मी म्हणायचो. त्यानं विचारलेलं असायचं. ती 'बघू' म्हणाली होती.

दिवाळीनंतर त्याचं धुळ्याच्या मुलीशी जमलं. पाहुणे भगताच्या अंगणात आले. लग्न पक्कं करताना गावच्या मानकऱ्यानं सुपारी फोडायची असते. नाना होते तोवर नाना फोडायचे.

"सरपंचबाईना मान शे," भगत म्हणाला. त्यात खोच नव्हती, मान होता, आणि तेच वाईट. "जोडी नई तरी चालस. आते रिवाजच व्हयी गया."

ललिता पुढे आली. सुपारी पाट्यावर ठेवून तिनं बत्ता उचलला. पहिला घाव निसटला आणि सुपारी घरंगळत स्वप्नीलच्या पायाशी गेली. त्यानं ती उचलून पुन्हा तिच्यासमोर ठेवली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. दुसऱ्या घावाला सुपारी फुटली. तिनं तुकडे दोन्हीकडच्यांना वाटले, 'सुखी राहा' म्हणाली आणि निघाली.

माझा ओटा तिच्या वाटेवरच आहे.

"सर, राणीनं मग पुढे काय केलं?"

"राज्य केलं. चांगलं केलं."

"ते माहीत आहे," ललिता म्हणाली, आणि चहा न घेताच ग्रामपंचायतीकडे गेली.