सुमेधचे कॅमेरे

आगाशीला वडिलांच्या वाडीतल्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला, तेव्हा पोलिसांत तक्रार द्यायला सुरुची गेली. नवा पंप आणून बसवून घेतला तोही तिनेच. नाव मात्र तिच्या धाकट्या भावाचं झालं. सुमेध मस्कतला नोकरीला. त्याने तिकडूनच तीन कॅमेरे मागवले आणि विरारच्या डेरिकला फोन करून बसवून घेतले. एक फाटकावर, एक ओटीवर, एक जेवणाच्या खोलीत. खोलीतल्या कॅमेऱ्यातून बोलताही यायचं.

"मुलगा असावा तर असा," शेजारची एलिसा मान वर करून बघत म्हणाली. "एवढ्या लांबून बापावर लक्ष ठेवतो."

सुरुचीच्या हातात तेव्हा डबा होता. सकाळची शाळा शिकवून, घरी जाऊन स्वयंपाक करून, विरारहून स्कूटरवर ती रोज साडेबाराला यायची. आई गेल्यापासून सात वर्षं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं तिनेच करून आणली होती. त्याच डोळ्यांनी अण्णा आता दिवसभर कॅमेऱ्याकडे बघत बसायचे.

आणि बघता बघता म्हातारा बदलला. एरवी चार-चार दिवस दाढी न करणारे शांतारामअण्णा रोज सकाळी गुळगुळीत होऊन, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसू लागले. "सुमेध बघतो ना," ते म्हणायचे. सुमेधने विचारलं, सुमेध म्हणाला, सुमेध हसला. सुरुची पोळी वाढता वाढता ऐकत राहायची. मी रोज येते, माझ्यासाठी कधी नाही घातला धुतलेला सदरा!

एक दिवस ती लोणच्याची बरणी उघडत होती, तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला.

"ताई, अण्णांना लोणचं नको देऊस. बीपी आहे त्यांना."

अण्णांनी ताटातली फोड लगेच बाजूला सारली. "नको गं. तो म्हणतो ते बरोबर आहे."

सात वर्षं ती हेच सांगत होती. सात वर्षं अण्णा म्हणत होते, "एका फोडीने काय मरतो का मी?" आणि पुन्हा बरणीत चमचा घालत होते. सुरुचीची कानशिलं तापली. तिने भांडी आवरली. अण्णा हात धुवायला मोरीत गेले, तशी तिने कपाटामागे हात घालून कॅमेऱ्याची पिन उपसली आणि वायर आत ढकलून दिली.

संध्याकाळी सुमेधचा फोन आलाच. "ताई, आतला कॅमेरा बंद दाखवतोय."

"उंदीर फार झालेत," ती म्हणाली. "कुरतडली असेल वायर."

पुढचे तीन दिवस अण्णांनी दाढी केली नाही. तिला वाटलं होतं, आता तरी माझ्याशी बोलतील. पण ते मुकाट जेवायचे आणि मधूनच भिंतीकडे बघायचे. हे तर त्या आवाजापेक्षाही वाईट होतं.

रविवारी डेरिक आला. त्याने कपाट सरकवलं, वायर बाहेर ओढली, पिन हातात धरून सुरुचीकडे बघितलं. पिन लावली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या मोबाईलवर पण ॲप टाकून देतो. तुम्ही जवळ आहात. मागचं रेकॉर्डिंग पण दिसेल."

घरी गेल्यावर तिने आधी तेच उघडलं. बाप-लेक तिच्यामागे काय बोलतात, ते तिला ऐकायचंच होतं. सापडलं भलतंच. ओटीवर एलिसा वाटीभर लोणचं घेऊन आली होती आणि अण्णा हात हलवून नको म्हणत होते.

"काय हो अण्णा, सोडलंत?"

"मुलगा सांगतो तिकडून. ऐकावं लागतं गं. एवढा लांब राहतो, त्यालाही वाटायला हवं की आपलं इथे काहीतरी चालतं. नाहीतर उद्या फोनसुद्धा करायचा नाही."

"आणि सुरुचीने सांगितलं तर?"

अण्णा हसले. "तिचं काय! नाही ऐकलं तरी ती उद्या येणारच."

सुरुचीने ते पाच वेळा ऐकलं. पहिल्यांदा डोळे भरून आले. तिसऱ्यांदा राग आला. पाचव्यांदा ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "असं का? मग उद्या बघाच."

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. डबा भरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि मोबाईल घेऊन बसली. साडेबाराला अण्णा ओटीवर आले. एकला फाटकाशी गेले, रस्त्याकडे बघितलं, परत आले. पुन्हा गेले. सुमेधचा आवाज बंद झाला तेव्हा हा माणूस खुर्चीतून हललाही नव्हता. हे बघून तिला आधी बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. मग दीड वाजता ते फाटकाच्या खांबाला धरून उभे राहिले ते हलेचनात, आणि तिच्याने बघवेना. तिने चावी उचलली.

"आज उशीर?" अण्णांनी विचारलं.

"येणार नव्हते. ती वायर पण मीच काढली होती."

"माहीत आहे. उंदीर काय पिन उपसतो?" ते ताटावर बसले. "जेव तू पण. जेवली नसशील."

ती या घरात कधी बसून जेवत नसे. वाढून, आवरून निघायची. आज तिने स्वतःचं पान घेतलं. दोघं अर्धं जेवली असतील, तोच भिंत बोलली.

"अण्णा! ताई, आज एवढा वेळ?"

"सुमेध," सुरुची मान वर न करता म्हणाली, "बघतोस तेवढं पुरे. आता पंधरा दिवस ये. डबा तू कर. मला सुट्टी हवी आहे."

"त्याला रजा मिळत नसेल गं," अण्णा घाईने म्हणाले.

पुन्हा त्याचीच बाजू. सुरुचीने घास गिळला.

"मिळेल," ती म्हणाली. "मागून तर बघू दे त्याला."

वरून आवाज आला, "मागतो, ताई."

तिने अण्णांच्या ताटात आणखी भात वाढला आणि स्वतःलाही घेतला.