देवाशी लढणार कोण

आमच्या वाडीच्या जत्रेत मणी आणि मल्ल हे दोन्ही दैत्य कडब्याचे असतात. खंडोबा मात्र माणूस असतो, आणि माझ्या आठवणीत तो कायम लिंबाजीकाकाच होते. ते तलवार घेऊन देवळासमोर उतरतात, कडब्यावर घाव घालतात आणि युद्ध संपतं. दैत्यानं देवावर उलटा वार करायचा प्रसंगच येत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी वेळेवर लक्षात आलं नाही.

पुण्याच्या ज्या स्टुडिओत मी काम करते, तिथं मल्हारीच्या कथेवर अ‍ॅनिमेशन चित्रपट चालला होता. या कामात नटाचा चेहरा कुठंच दिसत नाही. अंगाला घट्ट काळा पोशाख घालतात, त्यावर प्रकाश परतवणाऱ्या लहान गोळ्या लावतात आणि भोवती कॅमेरे उभे करतात. कॅमेऱ्यांना माणूस दिसतच नाही. गोळ्या कुठून कुठं सरकल्या, एवढंच दिसतं. त्या हालचालीवर मग चित्रकार देव चढवतात.

खंडोबासाठी पुण्याचा एक नर्तक ठरला होता. मी आमचे दिग्दर्शक रुद्रेश यांना जत्रेतलं काकांचं चित्रण दाखवलं. काका डावा गुडघा जपत, सगळा भार उजव्या पायावर घेत पायऱ्या उतरत होते. नुकताच घोड्यावरून उतरलेला माणूस चालेल तसे. रुद्रेशनी ते पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "हेच चालणं हवं."

म्हणून आम्ही यंत्रं घेऊन आमच्या वाडीजवळच्या अणदूरच्या एका मंगल कार्यालयात आलो. कॅमेरे एकाच दिवसापुरते मिळाले होते. संध्याकाळपर्यंत युद्ध टिपून झालं नाही, तर सगळं काम त्या नर्तकाकडे जाणार होतं. काकांना मी हे स्पष्ट सांगितलं.

"मग झालंच पायजे," काका म्हणाले. "पुढच्या जत्रेला ह्यो गुडघा साथ देत न्हाय बघ. पिक्चरमधी तरी चालंन म्या."

"सोलापूरला दाखवा म्हनून कवापास्नं मागं लागले," द्वारकाकाकू भिंतीजवळच्या खुर्चीवरून म्हणाल्या. त्या काकांचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या. "दैत्याला भीत न्हायत. डॉक्टरला भित्यात."

मणीसाठी आम्ही तालमीतल्या सिद्धलिंगला निवडलं होतं. तो पोशाख घालून, पाइपावर फोम गुंडाळलेली तलवार घेऊन काकांसमोर आला आणि आधी त्यांच्या पाया पडला.

"आता वार कर," रुद्रेश म्हणाले.

"करतो की, सर."

तलवार जोरात वर गेली आणि काकांच्या खांद्याजवळ येऊन अलगद टेकली. संगणकाच्या पडद्यावर राखाडी दैत्य देवाच्या खांद्यावरची धूळ झटकत होता.

"अरे, जोरात!"

"देवावर हात कसा उचलायचा, सर? काका असते तर दिला असता ठेवून."

"काकाच आहेत ते."

"आत्ता न्हायत," सिद्धलिंग म्हणाला.

मग तालमीतल्याच सोमेशला उभं केलं. तो वार करायचा, पण प्रत्येक वारानंतर स्वतःचे कान धरायचा. पडद्यावरचा दैत्यही कान धरू लागला आणि बघायला जमलेली वाडीतली माणसं हसून हसून खाली बसली. शेवटी आमच्या स्टुडिओतल्या एका मुलानं प्रयत्न केला. त्यानं तलवार छत्रीसारखी धरली होती. त्याला पाहून देवालाच हसू आवरेना.

दुपार कलली. रुद्रेश बाजूला जाऊन फोनवर पुण्याच्या नर्तकाच्या तारखा विचारू लागले. काका जमिनीवर बसले होते. गुडघ्यावरची गोळी बोटानं चाचपत होते.

काकूंनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. "म्या हुते मणी."

"अगं, दैत्य हाय त्यो," काका म्हणाले.

"मग? राजेश्वरी, त्यात बाई दिसती का?"

"नाही काकू. फक्त हालचाल दिसते."

"झालं तर."

आतल्या खोलीत मी त्यांना सगळ्यात लहान पोशाख घातला. पदर घेतला तर गोळ्या झाकतील, हे मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला, लुगड्याची घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "संभाळ."

तूर बडवताना काठी धरतात तशी त्यांनी तलवार दोन्ही हातांनी धरली. पहिला घाव काकांच्या खांद्यावर असा बसला की काका एक पाऊल मागं सरले.

"ह्यो भाचीच्या लग्नाला न्हेलं न्हाय त्याचा," काकू म्हणाल्या.

"अगं, ऐक तरी."

"अन् ह्यो म्हस न इचारता इकली त्याचा."

रुद्रेशनी फोन तसाच खिशात टाकला. पडद्यावर दैत्य पिसाळल्यासारखा देवावर तुटून पडला होता. असा मणी आमच्या कुठल्याच चित्रकाराला सुचला नसता. फक्त देव मागं मागं जात पार स्टेजला टेकला होता.

"काका, आता तुमचा वार!"

काकांनी तलवार उचलली. ती वरच राहिली.

"हिच्यावर कदी हात उचलला न्हाय म्या."

"उचला की. दैत्य हाय म्या," काकू म्हणाल्या.

"न्हाय जमत, द्वारके."

रुद्रेश मटकन खुर्चीत बसले. माणसांना देवावर वार करता येईना आणि देवाला बायकोवर. दोन्ही बाजूंचा जोर सारखा असला की वस्तू जागची हलत नाही. इथंही तसंच झालं होतं.

काकू दम घेत उभ्या होत्या. "सिद्धलिंग, पोथीत मणी कसा हरला रं?"

"शरण आला, काकू. वर मागितला."

"मग तसं म्हना की." त्यांनी रुद्रेशकडे पाहिलं. "करा चालू."

कॅमेरे चालू झाले. काकूंनी धावत येऊन घाव घातला. तो काकांनी तलवारीवर झेलला. झेलणं त्यांना जमत होतं. काकूंची तलवार उडाली आणि त्या गुडघ्यांवर बसल्या.

"देवा, वर द्या."

काकांना हायसं वाटलं. उजवा हात आशीर्वादासाठी वर करून ते म्हणाले, "माग."

"येत्या सोमवारी सोलापूर. गुडघा दावायचा. ऑपरेशन म्हनले तर ऑपरेशन."

काकांचा हात तसाच वर राहिला. पडद्यावरचा देवही हात वर करून थबकला.

"काका, हात खाली घेऊ नका," रुद्रेश हळूच म्हणाले. "चालू आहे."

"देवानं न्हाय म्हनायची रीत न्हाय, काका," मागून सिद्धलिंग म्हणाला.

"तू गप रं." काकांनी काकूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग छताकडे. "तथास्तु."

येळकोटाचा गजर झाला. कुणीतरी पिशवीभर भंडारा उधळला. त्याला थांबवायचं भान मलाही राहिलं नाही. हळद गोळ्यांवर बसू लागली आणि कॅमेऱ्यांना त्या दिसेनाशा झाल्या. पडद्यावर आधी दैत्याचा हात गेला, मग देवाची छाती, मग दोघंही थोडे थोडे करत पुसले गेले. मी घाईनं मागचं चित्रण तपासलं. तथास्तुपर्यंतचं सगळं स्वच्छ आलं होतं. डावा गुडघा जपत मागं हटणारा देवसुद्धा.

"एकदा परत घेऊ या का? हाताशी असावं म्हणून," रुद्रेशनी विचारलं.

"वर काय दोनदा मागत्यात व्हय?" काकू म्हणाल्या आणि माझ्या हातातून लुगडं घेतलं.

काका स्टेजच्या कडेवर बसले होते, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. काकूंनी थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

"उपाशीपोटी बोलावत्यात का गं तिथं?" काकांनी हलक्या आवाजात विचारलं.

"इचारते," काकू म्हणाल्या.